अकरा ओळींच्या सुलभाताई

सुलभाताई वानखडे आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या त्या माझी तक्रार घेऊन.

ती माझ्याच कामाबद्दलची आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आमची कंपनी इंग्लंडात, मिल्टन कीन्समधली, छोटीशी, काउन्सिलांच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकांच्या, लायब्ररींना सॉफ्टवेअर पुरवणारी. कोणतं पुस्तक कोणाकडे आहे, कधी परत यायचंय, पुढे रांगेत कोण आहे, एवढंच त्याचं काम. सुलभाताई जवळच्याच एका लायब्ररीत काउंटरवर बसायच्या. दुपारी शाळा सुटल्यावर मुलांची गर्दी झाली की आमचं सॉफ्टवेअर अडकतं, असं त्यांनी चार वेळा ईमेलने कळवलं होतं. चारही वेळा मीच उत्तर दिलं होतं, की आमच्या बाजूला सगळं व्यवस्थित दिसतंय. पाचव्या वेळी त्या स्वतः आल्या. हातात शाळकरी वही. तिच्यात सहा आठवडे रोज कधी अडकलं, त्याआधी कोणतं बटण दाबलं होतं, शेजारच्या कॉम्प्युटरवर तेव्हा काय चालू होतं, सगळं लिहिलेलं.

आमचा मॅनेजर ग्रॅहम त्यांच्याबरोबर तासभर बसला. बाहेर आला तेव्हा दोष सापडला होता. दोन वर्षांपूर्वी मी लिहिलेल्या भागात. ग्रॅहम चांगला माणूस, मला काही बोलला नाही. पण दोन महिन्यांनी ज्युनियरची जागा निघाली तेव्हा त्याने सुलभाताईंना स्वतः फोन करून अर्ज करायला सांगितलं.

त्यांचं वय तेव्हा चौपन्न. अचलपूरच्या. नवरा इथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, त्याच्याबरोबर वीस वर्षांपूर्वी आलेल्या. उंची बेताची, केस आखूड, चष्मा दोरीला अडकवून गळ्यात. मिल्टन कीन्समध्ये गाडीशिवाय कोणाचं पान हलत नाही, एका राउंडअबाउटवरून दुसऱ्यावर. सुलभाताई मात्र रेडवेवरून, म्हणजे इथल्या लाल सायकलवाटांवरून, सायकलने यायच्या, पाऊस असो की वारा, अंगात रस्त्यावरच्या कामगारांसारखं पिवळं चमकतं जॅकेट. आल्या की ते रेडिएटरवर वाळत घालायच्या, आणि सकाळभर आमच्या कोपऱ्याला ओल्या प्लॅस्टिकचा वास यायचा. मला तो वास आवडायचा नाही. खरं तर मला त्यांचं काहीच आवडायचं नाही, आणि कारण मात्र एकही सांगता आलं नसतं.

मी त्या ऑफिसात सहा वर्षं होतो. पुण्याहून वर्क व्हिसावर आलो आणि इथलाच झालो. सर्व्हरचं काहीही अडलं की लोक म्हणायचे, ‘आस्क मंदार.’ हे दोन शब्द कानावर पडावेत म्हणून मी सुट्टीच्या दिवशीही फोन खिशात ठेवायचो. बायको, मृणाल, त्यावरून चिडायची. तिला वाटायचं ऑफिसवाले मला राबवून घेतात. मीच त्यांना तशी सवय लावली होती, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

नोकरीला लागल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात सुलभाताई खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी आल्या.

“मंदार, तू ते एका खिडकीच्या चार खिडक्या करतो नं, ते मले शिकवशील?”

टीमक्सबद्दल विचारत होत्या. सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी असलेलं मशीन, आणि आपण त्याच्याशी बोलतो ते आपल्या लॅपटॉपवरच्या एका काळ्या खिडकीतून. अडचण अशी, की मधली लाइन तुटली की तिकडे चालू असलेलं काम मरतं. टीमक्स ते काम सर्व्हरवरच धरून ठेवतो. त्या एका खिडकीच्या हव्या तेवढ्या खिडक्या करा, लॅपटॉप मिटून घरी जा, परत आलात की सगळं जिथल्या तिथे. माझी टीमक्सची सेटिंगची फाइल चारशे ओळींची होती. पंधरा वर्षांत इथून तिथून गोळा केलेली. खाली रंगीत पट्टी, पट्टीत हवामान, आणि माझ्याशिवाय कोणाच्या बोटांना वळणार नाहीत असे शॉर्टकट. नवीन आलेली मुलं माझ्यामागे उभी राहून नुसती बघायची.

मी ऐटीत फाइल उघडली. सुलभाताईंनी चष्मा चढवला, वरून सुरुवात केली आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

“ही काहून आहे?”

“स्क्रीनचे रंग नीट यावेत म्हणून.”

“आणि ही?”

“ती पण... रंगांचंच काहीतरी.”

“आणि ही?”

“ती असते.”

“असते म्हणजे?”

“म्हणजे मी कुठूनतरी घेतली असेल, सुलभाताई. आता काय लक्षात राहणार?”

“म्हणजे तुलेच माहीत नाही,” त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. वहीत नोंद करावी तसं म्हणाल्या. मग ती ओळ काढून बघू या का, असं विचारलं. काढली. काहीही झालं नाही. आणखी दहा काढल्या, तरी काही झालं नाही. ग्रॅहम कॉफीचा मग घेऊन मागे उभा होता. त्याला मराठीचं अक्षर कळत नाही, पण माझा चेहरा त्याला वाचता आला असावा, कारण तो लगेच दुसरीकडे निघून गेला.

त्या संध्याकाळी सुलभाताईंनी स्वतःची फाइल बनवली. अकरा ओळी. मागचं बरंच वर जाऊन वाचता यावं, खिडक्यांचे आकडे शून्याऐवजी एकपासून सुरू व्हावेत, असल्या साध्या गोष्टी. आणि प्रत्येक ओळीच्या वर एक कारण, रोमन लिपीत, मराठीत. पहिलं मला अजून आठवतं: kahun: bota ekapasunach mojtat. काहून, तर बोटं एकपासूनच मोजतात.

ग्रॅहमने विचारलं, हे ‘काहून’ काय आहे? “इट मीन्स व्हाय,” त्या म्हणाल्या. “इन माय व्हिलेज.” त्याला ते फारच आवडलं. महिन्याभरात आमच्या टीममधले इंग्रज एकमेकांचं काम तपासताना विचारायला लागले, “व्हेअर इज द काहून?” मी पुण्यातल्या घरात वाढलो. तिथे पाहुण्या मुलाने ‘काहून’ म्हटलं तर आम्ही चुलत भावंडं एकमेकांकडे बघून हसायचो. आणि आता माझ्या कोडखाली एक इंग्रज मला लिहीत होता, ‘नाइस वर्क, बट नो काहून.’

माझी भाषा मी सहा वर्षं त्या ऑफिसच्या दाराबाहेर ठेवून आत शिरत आलो होतो. त्यांनी त्यांची सायकलच्या टोपलीत घालून आणली.

कामाची त्यांची पद्धतच वेगळी होती. टायपिंग हळू, दोन्ही हातांची मिळून चार बोटं. एंटर दाबण्याआधी आख्खी ओळ तोंडाने वाचायच्या. मोठं काही करायचं असेल तर आधी वहीत लिहायच्या, मग की-बोर्डला हात. “आधी लिहा, मग करा,” हे त्यांचं ठरलेलं. मी एकदा म्हटलं, “सुलभाताई, एवढं काय, मला पाठ आहे हे.” तर म्हणाल्या, “मशीनले काय माहीत तू हुशार आहेस म्हणून?”

त्यामुळे निक्सओएस नावाची ऑपरेटिंग सिस्टिम त्यांच्या हाती लागली यात नवल नव्हतं. नेहमीच्या लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम हवा असला की आज्ञा द्यायची, तो बसतो. असं करत करत दोन वर्षांनी त्या मशीनमध्ये काय काय भरलंय हे कोणालाच सांगता येत नाही. निक्सओएसमध्ये उलटं. मशीन कसं असावं ते एका फाइलमध्ये लिहायचं आणि त्याला सांगायचं, असं हो. ते तसं होतं. टीमक्स हवा असं एका ओळीत लिहिलं की टीमक्स येतो, तुमच्या अकरा ओळींसकट, त्या मशीनवर काम करणाऱ्या प्रत्येकासाठी सारखा. ओळ काढली की जातो. आणि काही बिघडलंच तर कालचं मशीन आहे तसं परत मिळतं. सुलभाताईंनी हे घरी एका जुन्या लॅपटॉपवर करून बघितलं होतं, आणि आमचे नवे सर्व्हर असेच असावेत असं त्यांनी मीटिंगमध्ये सुचवलं.

मी कडाडून विरोध केला. हे हौशी लोकांचं खेळणं आहे, उद्या अडलं तर विचारणार कोणाला, वगैरे. बोलताना माझा आवाज चढला. सुलभाताई वाद घालत बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तो जुना लॅपटॉप सायकलवरून घेऊन आल्या, मीटिंगच्या टेबलावर ठेवला आणि ग्रॅहमला म्हणाल्या, “ब्रेक इट.”

ग्रॅहमने फाइलमधला अर्धा मजकूर उडवला आणि मशीनला म्हणाला, असं हो. मशीन झालं तसं. टीमक्स हाक मारूनही येईना. सुलभाताईंनी लॅपटॉप बंद करून चालू केला, समोर आलेल्या यादीतून आदल्या दिवशीचं मशीन निवडलं, आणि अकराच्या अकरा ओळी परत हजर. ग्रॅहमने ते पुन्हा मोडलं, पुन्हा परत आणलं. तिसऱ्यांदा करायला निघाला तेव्हा सुलभाताईंनीच लॅपटॉप मिटला. “इनफ, ग्रॅहम. आय हॅव टू टेक इट होम.”

नवे सर्व्हर त्यांच्याकडे गेले. त्यानंतर एका सकाळी मी किटलीपाशी उभा असताना मागून कोणीतरी कोणालातरी सांगितलेलं ऐकलं, “आस्क सुलभा.” मी चहा न करताच जागेवर परत आलो.

ऑफिस तरी ऑफिसात राहावं. तेही झालं नाही. मृणालला त्या लायब्ररीपासून ओळखीच्या होत्या, तिने त्यांना एका रविवारी जेवायला बोलावलं. आमची मुलगी ईरा तेव्हा आठ वर्षांची, इथेच जन्मलेली. तिच्या मराठीत सगळं जग पुल्लिंगी. ‘माझा गाडी’, ‘तो खुर्ची’. मी प्रत्येक वेळी दुरुस्त करायचो, आणि ती हळूहळू माझ्याशी इंग्रजीतच बोलायला लागली होती. त्या दुपारी ती सुलभाताईंना म्हणाली, “माझा बाहुली पडला.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात सुलभाताई म्हणाल्या, “अगंबाई, तुझी बाहुली पडली? कुठे लागलं तिले?”

“तिले... पायाला लागली.”

“पायाले लागलं? मग आता पट्टी बांधावी लागते.”

दोघी तासभर गालिच्यावर बसून बाहुलीचा पाय बांधत होत्या. चुका चालूच होत्या, पण मराठी थांबली नव्हती. माझ्याशी ईरा सलग तासभर मराठीत कधी बोलल्याचं मला आठवत नाही. त्या गेल्यावर मृणाल म्हणाली, “किती सहज शिकवतात ना?” मी म्हटलं, “‘तिले’ शिकवून गेल्या, ते ऐकलंस का?” मृणाल ताटं उचलायला लागली.

त्यानंतर मी एक जुना लॅपटॉप मिळवला आणि वरच्या खोलीत निक्सओएस शिकायला बसलो. शनिवार-रविवारच्या दुपारी, दार लावून. सुलभाताईंच्या अकरा ओळी ऑफिसच्या सामाइक साठ्यातून घेतल्या आणि त्यांत खोट शोधू लागलो. मला निक्सओएस शिकायचं नव्हतं, मला फक्त ती खोट हवी होती.

आणि एका रविवारी सापडली. टीमक्समध्ये एक काम चालू ठेवून मी पूर्ण लॉगआउट केलं, खाली जाऊन कपडे वाळत घातले, परत येऊन लॉगइन केलं, तर टीमक्स म्हणाला, इथे काहीच चालू नाही. दोन तास खणल्यावर कारण कळलं. चालू कामात परत शिरण्यासाठी टीमक्स एक छोटंसं दार ठेवतो, एक फाइल. निक्सओएसमध्ये ती सुरक्षेसाठी अशा जागी असते, की त्या युझरचं शेवटचं लॉगइन संपलं की ती जागाच झाडून साफ होते. काम आत चालू राहतं, दार नाहीसं होतं. एक सेटिंग बदललं की दार दुसरीकडे राहतं आणि टिकतं. एका ओळीचं काम.

मला इतका आनंद झाला होता, की मी खोलीत फेऱ्या मारल्या. मग ती बारावी ओळ माझ्या प्रतीत लिहिली, सवयीने तिच्यावर कारणही लिहिलं, आणि सवयीनेच माझ्या नावाची ती प्रत ऑफिसच्या साठ्यात ठेवून दिली. तिथे प्रत्येकाची आपापली प्रत असायची, दुसऱ्याची कोणी उघडून बघायचं नाही.

सोमवारी सांगायचं ठरवलं होतं. मग वाटलं, मीटिंगमध्ये सांगावं, ग्रॅहमसमोर. ती मीटिंग रद्द झाली. पुढच्या आठवड्यात लायब्ररींच्या नोंदी नव्या सर्व्हरवर हलवायच्या कामाची रंगीत तालीम झाली आणि ती नीट पार पडली, कारण तेव्हा आम्ही सगळेच दिवसभर लॉगइन होतो. तेव्हा सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी सांगितलं नाही. त्यानंतर सांगायचा विचार मी करेनासाच झालो, आणि का करत नाही याचाही.

प्रत्यक्ष कामाचा शनिवार बँक हॉलिडेच्या, म्हणजे सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीच्या, वीकएंडचा होता. बारा लायब्ररींच्या सगळ्या नोंदी जुन्या सर्व्हरवरून नव्यावर न्यायच्या होत्या. सकाळी सुरू केलं की रविवार दुपारपर्यंत चालणारं काम. मंगळवारी सकाळी नऊला बारा दारं उघडणार होती. मध्येच काम मेलं तर अर्धवट गेलेलं आधी उपसून काढावं लागणार होतं आणि मग मंगळवार गाठणं कठीण. ग्रॅहमने काउन्सिलला सुलभाताईंच्या भरवशावर शब्द दिला होता.

ऑफिसात आम्ही तिघंच. आठ वाजता सुलभाताईंनी वहीतली ओळ वाचली, टाइप केली, परत वाचली आणि एंटर दाबलं. नोंदी सरकायला लागल्या. दीड वाजेपर्यंत सगळं सुरळीत.

“चला, जेवून घेऊ,” त्या म्हणाल्या. “आता ते आपलं आपण करून राहिलं.”

त्या टीमक्समधून बाहेर आल्या. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. त्यांनी सर्व्हरवरून लॉगआउट लिहिलं, आणि नेहमीप्रमाणे एंटरआधी वाचलं, “लॉगआउट.” माझ्याकडे तेवढा वेळ होता. ‘थांबा’ एवढाच शब्द हवा होता. मी त्यांच्या करंगळीकडे बघत राहिलो. त्यांनी एंटर दाबलं, लॅपटॉप मिटला आणि पिशवीतून डबा काढला.

डब्यात सांबारवडी होती. त्यांच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. “घे नं, गरम करून आणू का?” त्यांनी मला चार दिल्या. मी चारही खाल्ल्या.

अडीचला परत बसलो. सुलभाताईंनी लॉगइन करून टीमक्सला हाक मारली. इथे काहीच चालू नाही. त्यांनी तो संदेश मोठ्याने वाचला. मग पुन्हा वाचला.

“इज इट डेड?” ग्रॅहम खुर्चीतून उठला होता.

“वेट, प्लीज. कोणी हात लावू नका.” दुसरं वाक्य मराठीत आलं. विचारात असल्या की त्यांचं तसं व्हायचं. त्यांनी सर्व्हरवर काय काय चालू आहे त्याची यादी काढली आणि बोट फिरवत खाली आल्या. बोट थांबलं. “मेलं नाही, मंदार. हे पाह्य. चालूच आहे आत. आपलं दार हरवलं फक्त.”

ग्रॅहमचं म्हणणं, सगळं थांबवावं आणि आत्ताच पहिल्यापासून सुरू करावं, अजून वेळ आहे. दिसत नाही त्या कामावर उद्या दुपारपर्यंत भरवसा कसा ठेवायचा? त्याचं चूक नव्हतं. सुलभाताईंनी अर्धा तास मागितला. ग्रॅहमने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

त्यांनी टीमक्सची माहितीपुस्तिका स्क्रीनवर उघडली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या, ओठ हलवत. चष्म्याची दोरी त्यांनी दुसऱ्या हाताने घट्ट धरली होती. दार का गेलं हे मला माहीत होतं. ते सांगितलं असतं तर त्यांचा निम्मा शोध वाचला असता. मी पाणी प्यायला उठलो. परत आलो, बसलो, पुन्हा उठलो. मला त्या जिंकायला नको होत्या, आणि काम मरायलाही नको होतं, आणि या दोन्हींच्या मध्ये बसायला जागा नव्हती.

पंचविसाव्या मिनिटाला त्यांना हवं ते सापडलं. चालू असलेल्या टीमक्सला एक खूण पाठवली की तो स्वतःच दार पुन्हा बांधतो, फक्त ज्या फोल्डरमध्ये ते दार असतं तो फोल्डर आधी आपण करून द्यायचा. सुलभाताईंनी दोन्ही आज्ञा वहीत लिहिल्या. घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. वाचल्या, टाइप केल्या, वाचल्या, एंटर. मग टीमक्सला हाक मारली. काळी खिडकी उघडली आणि आत नोंदी सरकत होत्या, जशा सकाळपासून सरकत होत्या तशाच.

ग्रॅहम जमिनीवरच बसला आणि हसायला लागला. सुलभाताईंनी हात मांडीवर ठेवले.

काम तिथेच संपलं असतं, पण त्यांच्या पद्धतीत संपत नव्हतं. पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून फाइल सुधारायची होती, आणि फाइलला हात लावण्याआधी, दुसऱ्या कोणी यावर विचार केलाय का ते सगळ्यांच्या प्रतींत शोधायची त्यांना सवय होती. दुसऱ्याची प्रत उघडून बघणारं ऑफिसात एकच माणूस होतं. मी शेजारीच होतो. माझं नाव स्क्रीनवर आलं. त्याखाली बारावी ओळ. तिच्यावर, माझ्या हाताने लिहिलेलं: काहून, तर लॉगआउट केल्यावर दार जातं. आणि बाजूला तीन आठवड्यांपूर्वीची तारीख.

त्यांनी चष्मा काढला. काचा पदराने पुसाव्यात तशा टी-शर्टच्या टोकाने पुसल्या, परत घातला आणि ती ओळ माझ्या नावासकट मुख्य फाइलमध्ये घेतली.

“ग्रॅहम, मंदारने आधीच कारण शोधलं होतं,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “ही त्याची ओळ आहे.”

ग्रॅहमने उठून माझा हात हातात घेतला. मंगळवारी सगळ्या टीमला गेलेल्या ईमेलमध्ये माझं नाव त्यांच्या नावाच्या आधी होतं.

पण त्याआधी, त्या शनिवारीच पाच वाजता, सुलभाताई सायकलचं कुलूप काढत होत्या तेव्हा मी खाली गेलो. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. त्याच बोलल्या.

“तीन आठवडे झाले होते त्या ओळीले.”

“हो.”

“मग काहून नाही सांगितलं?”

“सांगायचं राहून गेलं.”

“राहून गेलं असं नको म्हणू, मंदार. दुसरं काही म्हण.”

ऊन चांगलं कडक होतं. पार्किंगमध्ये आमच्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. मी म्हटलं, “तुम्ही चुकाव्यात असं मला वाटत होतं.”

त्यांनी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावला. एकदा नीट बसला नाही, दुसऱ्यांदा बसला. “तुले मी आवडत नाही, हे समजत होतं मले,” त्या म्हणाल्या. “पण त्या बारा लायब्रऱ्यांत माझ्यासारख्या बाया बसतात रे काउंटरवर. मंगळवारी लोकांची बोलणी त्यांनी खाल्ली असती.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन आठवड्यांत एकदाही नाही. सायकल रेडवेला लागली आणि पुलाखालून गेली. पिवळं जॅकेट त्या दिवशी त्यांनी घातलं नव्हतं, टोपलीत होतं.

त्यांनी हे कोणालाही सांगितलं नाही. मृणालला तर नाहीच. ऑफिसात माझ्याशी वागण्यात कोणाला काही फरक दिसला नसता, कारण तो फरक मराठीत होता. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, “मंदार, तुम्ही जरा हे बघता का?”

मला आधी वाटलं आणखी कोणी उभं आहे. मी मागे वळून बघितलं.

त्यानंतर शेवटपर्यंत तुम्ही. ‘तुले’ नाही, ‘मले’ नाही, ‘काहून’ तर नाहीच. पुस्तकातल्यासारखं स्वच्छ, माझ्या घरच्यासारखं मराठी त्या माझ्याशी बोलायला लागल्या. मी किती वेळा म्हटलं, “सुलभाताई, असं काय करता, मी लहान आहे तुमच्यापेक्षा.” त्या हसून म्हणायच्या, “बरं,” आणि पुढचं वाक्य पुन्हा तुम्ही. ईराशी मात्र पहिल्यासारखंच. आमच्याकडे आल्या की गालिच्यावर बसून तिच्याशी त्यांचं ‘तुले-मले’ चालायचं, आणि मी शेजारच्या सोफ्यावर बसून ते ऐकायचो. माझ्याच मुलीचा हेवा मला वाटेल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आठ महिन्यांनी त्यांच्या यजमानांची नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात बदली झाली आणि त्यांनी नोकरी सोडली. निरोपाला ग्रॅहमने केक आणला होता. लोकांनी भाषणं केली. मी बोललो नाही. ‘आस्क मंदार’ पुन्हा सुरू झालं. लोक विचारायचे, मी फाइल उघडायचो, आणि उत्तर तिच्यात प्रत्येक ओळीच्या वर त्यांच्या मराठीत लिहिलेलं असायचं. मी ते भाषांतर करून सांगायचो.

नॉटिंगहॅमला मी एकदाच गेलो, गेल्या हिवाळ्यात. ग्रॅहम आणि मी तिथल्या एका मोठ्या सार्वजनिक इमारतीत नव्या ग्राहकाला भेटायला गेलो होतो. त्याला खाली कोणी ओळखीचं भेटलं म्हणून मी एकटाच वर गेलो. तिसऱ्या मजल्यावर ट्रेनिंगची खोली होती, दाराला उभी काच. आत एकाच कॉम्प्युटरपाशी दोघी बसल्या होत्या. एक निळ्या युनिफॉर्ममधली, पन्नाशीची, ऑफिसातलं काम करणारी असावी. आणि शेजारी सुलभाताई. केस सगळे पांढरे झाले होते. समोर काळी खिडकी, तिचे दोन भाग केलेले.

त्या बाईने काहीतरी चुकीचं दाबलं. दोन्ही भाग गायब झाले. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. सुलभाताई खुर्चीत मागे रेलून हसल्या, तिच्या दंडावर थोपटलं, आणि स्वतःचे हात मांडीवर ठेवून थांबल्या. तिनेच परत आणावं म्हणून. ती बाई एकेक अक्षर शोधत टाइप करत होती. सुलभाताईंना जणू दुसरं कामच नव्हतं.

एवढी वर्षं मला त्यांच्या जागेचा हेवा वाटत होता. त्या काचेपाशी उभं राहून कळलं की मला ती दुसरी, त्यांच्या शेजारची खुर्ची हवी होती. ती मला मिळाली होती. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी ती स्वतः ओढत माझ्या टेबलाशी आणली होती, आणि मी त्यांना माझी चारशे ओळींची फाइल दाखवत बसलो होतो.

त्यांनी मान वर केली आणि दाराकडे बघितलं. लांबचं त्यांना नीट दिसत नाही. खोलीसाठी कोणीतरी खोळंबलंय असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी पंजा उघडून दाखवला, पाच मिनिटं, आणि ओशाळं हसल्या.

मी मान हलवली, काही घाई नाही अशा अर्थाने. त्या परत त्या बाईकडे वळल्या.

मी नऊ मिनिटं उभा होतो. मग ग्रॅहमचा फोन आला, सगळे जमलेत, तू कुठे आहेस? मीटिंग दीड तास चालली. आम्ही बाहेर पडलो तेव्हा खोलीत दिवे होते, दोन्ही खुर्च्या टेबलाखाली नीट सारलेल्या होत्या, आणि एक माणूस फळा पुसत होता.